उन्हाळ्यातील पक्षी आणि फुलपाखरे : वेळ चुकते आहे की पद्धत?

टिपणवही (प्रश्न)

नमस्कार. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस मला घराभोवतीचे पक्षी आणि फुलपाखरे पाहण्याची गोडी लागली आणि तेव्हापासून मी नियमाने नोंदी ठेवतो. घरामागे छोटेसे अंगण आहे. त्यात एक लिंबाचे झाड, एक कढीपत्ता, कुंपणालगत वाढलेली घाणेरी आणि अर्धा वाळलेला एक जुना शेवगा आहे. घरापासून पाऊण तासाच्या चालीवर माळ लागतो आणि माळाच्या उतारावर एक तळे आहे, जे आता निम्म्याहून अधिक आटले आहे.

हिवाळ्यात एका फेरीत पंचवीस-तीस जातींचे पक्षी सहज दिसत असत. उन्हाळा सुरू झाल्यापासून मात्र वही जवळजवळ कोरी राहते. घरची कामे आटोपून मी साधारण साडेनऊला निघतो, माळ ओलांडून तळ्यापर्यंत जातो आणि बाराच्या सुमारास परत येतो. कावळे, होले, बुलबुल, टिटव्या यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. फुलपाखरांची गत त्याहून वाईट आहे. पिवळी भटकी फुलपाखरे घाईघाईने निघून जातात आणि बाकी कशाचाही मागमूस नसतो.

माझ्या शंका अशा आहेत. उन्हाळ्यात निरीक्षण करण्यात खरोखर अर्थ आहे का, की पाऊस पडेपर्यंत वही मिटून ठेवावी? पक्षी आणि फुलपाखरे एकाच फेरीत पाहता येतात का? अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याची एक खोल कुंडी ठेवली आहे, पण तीन आठवड्यांत तिच्याकडे एकही पक्षी फिरकलेला नाही, याचे कारण काय असावे? शेवटची शंका एका फुलपाखराविषयी आहे. परवा संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळेस एक तपकिरी फुलपाखरू अंगणातल्या पाचोळ्यावर येऊन बसले आणि बसताक्षणी दिसेनासे झाले, कारण त्याचे मिटलेले पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे होते. पुस्तकातील चित्रात त्याच्याशी मिळतेजुळते जे फुलपाखरू आहे त्याच्या पंखांवर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग आहे. मी पाहिलेल्यावर एकही स्पष्ट ठिपका नव्हता. मग ही जात कोणती?

पक्षी आणि फुलपाखरे यांच्या नोंदींसाठी मी वहीत दोन वेगळे भाग केले आहेत. सध्या दोन्ही भाग सारखेच रिकामे आहेत.

बांधावरून

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. साडेनऊ ते बारा ही वेळ हिवाळ्यात चालून जाते, पण उन्हाळ्यात ती पक्ष्यांसाठी फार उशिराची असते आणि बहुतेक फुलपाखरांसाठीही उतरणीची असते. म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असा प्रकार झाला आहे. फुलपाखरांविषयी इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत, त्यामुळे मी पक्ष्यांपुरतेच लिहितो.

पक्ष्यांच्या शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा अधिक, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि त्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. हवा तापली की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पंख अंगापासून किंचित दूर धरणे, सावलीत निश्चल बसणे आणि पाण्यात डुंबणे एवढेच उपाय त्यांच्यापाशी उरतात. धापा टाकताना शरीरातील पाणी खर्च होते, म्हणून ऊन मी म्हणत असताना उगाच उडणे किंवा गाणे कोणत्याही पक्ष्याला परवडत नाही. दुपारी चोच वासून बसलेला कावळा तुम्ही पाहिला असेल. तो आजारी नसतो, शरीर थंड करत असतो. पक्षी नाहीसे झालेले नसतात, ते तुमच्या वाटेवरच्या दाट झाडांमध्ये गप्प बसलेले असतात आणि आपण त्यांच्या खालून निघून जातो.

म्हणून पहिली सूचना अशी की सूर्योदयापूर्वी अर्धा तास आधी अंगणात बसा आणि प्रथम फक्त कानोसा घ्या. उन्हाळा हा आपल्या ओळखीच्या कितीतरी पक्ष्यांचा विणीचा हंगाम आहे, आणि विणीच्या काळात नर जितका गातो तितका वर्षात एरवी गात नाही. उजाडण्याआधीच दयाळ शेंड्यावर बसून शीळ घालू लागतो. हिवाळ्यात हाच पक्षी झुडपांच्या बुडाशी मुकाट्याने किडे वेचत असतो आणि तो आपल्या अंगणात आहे याचा पत्ताही लागत नाही. कोकिळेच्या बाबतीत तर फरक फारच मोठा आहे. 'कुहू कुहू' असे चढत्या सुरात ओरडणारा काळाभोर पक्षी नर असतो. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा भराभर येणारा, अजिबात मधुर नसलेला असतो. ही मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे सर्वांना माहीत असते, परंतु कावळा आपल्याएवढ्याच थोराड आणि वेगळ्या रंगाच्या पिल्लाला भरवत आहे हे दृश्य फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. उन्हाळा सरता सरता आणि पावसाच्या सुरुवातीस ते घराजवळच दिसू शकते. त्यासाठी तळ्यापर्यंत जाण्याची गरज नाही, कावळ्याची घरटी हेरून ठेवली की पुरे. 'पेरते व्हा' असा घोष करणारा पावशाही याच काळात ओरडू लागतो. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात सापडतात, त्यामुळे आवाज पावशाचा येत असला तरी सातभाईंच्या थव्यावर नजर ठेवावी.

तुमचा अर्धा वाळलेला शेवगा कृपा करून तोडू नका. तांबट पक्ष्याला घरट्याचे भोक कोरण्यासाठी असेच वाळके, मऊ लाकूड लागते. बहुधा आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला तो रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, नेटके गोल छिद्र पाडतो. त्याचा 'टुक् टुक् टुक्' हा ठोक्यासारखा आवाज टळटळीत दुपारीही थांबत नाही. दुपारच्या शांततेचा नियम मोडणारा हा एक पक्षी आहे, म्हणून भर दुपारी झोप येत नसेल तर त्याच आवाजाचा माग काढावा.

दुसरी सूचना चालण्याविषयी आहे. हिवाळ्यात चालत राहिल्याने जाती वाढतात, कारण पक्षी थव्याने विखुरलेले असतात. विणीच्या काळात पक्षी एका जागेला बांधलेला असतो, म्हणून बसून राहणाऱ्याला अधिक दिसते. एका झाडाकडे तोंड करून वीस मिनिटे बसा. चोचीत काडी किंवा कोळ्याचे जाळे असेल तर घरटे बांधणे चालू आहे, किडा किंवा अळी घेऊन पक्षी न खाता उडाला तर पिल्ले आहेत आणि पांढरी पिशवीसारखी वस्तू चोचीत धरून तो घरट्यातून दूर जात असेल तर ती पिल्लाची विष्ठा आहे. 'बुलबुल, दोन' अशी नोंद आणि 'बुलबुल, दोन, अळी घेऊन तीन वेळा घाणेरीत शिरले' अशी नोंद यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. उन्हाळ्यात जातींची संख्या कमी भरते हे खरे, पण एकेका जातीविषयी जेवढे कळते तेवढे हिवाळ्यात कळत नाही. माझ्या मते तर नवशिक्याने सुरुवातच या दिवसांत करावी.

माळ मात्र सोडू नका. उन्हाने करपलेला माळ ओसाड दिसतो, पण डोंबारी चंडोलाच्या कसरती याच काळात चालतात. नर सरळ वर चढत जातो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असे वाटत असतानाच पुन्हा उसळी घेतो. त्याला डोंबारी का म्हणतात ते एकदा पाहिले की विसरत नाही. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधोमध, बहुधा चार अंडी घालते. फार तापल्यावर ती पाण्यावर जाऊन पोटाखालची पिसे भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. तुमच्या तळ्यावर एखादी टिटवी नुसतीच पोट बुडवून लगबगीने माळाकडे उडाली, तर तिच्या मागे जाऊ नका, ती कुठे उतरते ते दुर्बिणीतून पाहा. पखुर्ड्या असतील तर त्या सकाळी ऊन थोडे वर आल्यावर ठरावीक वेळी पाण्यावर उतरतात आणि काही मिनिटांत निघून जातात. पिल्ले असलेला नर तर छातीपोटाच्या खास पिसांत पाणी शोषून घेऊन ते पिल्लांपर्यंत नेतो. आटत चाललेले तळे ही तक्रारीची बाब नव्हे. पाणी जितके कमी, तितके पक्षी एका जागी येतात.

पंखांची_भुकटी

बांधावरून यांनी पक्ष्यांविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे, फक्त 'सूर्योदयापूर्वी' ही वेळ फुलपाखरांना लागू करू नये. फुलपाखरू स्वतःच्या शरीरातून पुरेशी उष्णता निर्माण करत नाही. उडण्याचे स्नायू चांगले चालण्यासाठी ते साधारण ३० अंशांपर्यंत किंवा त्याहून अधिक तापावे लागतात, म्हणून सकाळी ते पंख पसरून ऊन खाते. उन्हाळ्यात ही गरज लवकर भागते आणि थोड्याच वेळात अडचण उलटी होते. शरीर फार तापू नये म्हणून ते पंख मिटून सूर्याच्या रेषेत उभे राहते, म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडते, आणि शेवटी पानाच्या खाली जाऊन लटकते. यामुळे कडक उन्हाळ्यात फुलपाखरांसाठी साधारण आठ ते साडेदहा आणि पुन्हा चारनंतर अशा दोन वेळा उरतात. एका फेरीत दोन्ही पाहायचे असतील तर पहाटे पक्ष्यांनी सुरुवात करावी आणि परतताना फुलपाखरे पाहावीत. हा क्रम उलटा करून चालत नाही.

तुमचे तपकिरी फुलपाखरू बहुधा कॉमन इव्हनिंग ब्राऊन आहे. वेळ, पाचोळा, बसताच पंख मिटून अदृश्य होणे या तिन्ही खुणा त्याच्याशी जुळतात. दिवसभर ते पाचोळ्यात दडून राहते आणि तिन्हीसांजेला उडते, म्हणून दिवसा फिरणाऱ्याला ते पायाखालून उडाले तरच भेटते. ठिपके नव्हते याचे कारण असे की या जातीची दोन हंगामी रूपे आहेत. पावसाळी रूपाच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, तर कोरड्या हंगामातील रूपावर ते जवळजवळ पुसले जाऊन वाळक्या पानाची नक्षी आणि शिरेसारखी एक रेघ येते. अळी कोणत्या हवामानात वाढली यावर हे रूप ठरते. हिरव्या, ओल्या दिवसांत फुलपाखरू सतत हालचाल करते, तेव्हा पंखाच्या कडेचे डोळे भक्षकाची चोच महत्त्वाच्या अवयवांऐवजी कडेवर ओढून घेतात. कोरड्या दिवसांत जमिनीवर वाळकी पानेच असतात आणि निश्चल पडून राहणे हाच उत्तम बचाव असतो, तिथे ठळक डोळे उलट शत्रूला पत्ता देतील. पुस्तकांतील चित्रे बहुतेक पावसाळी रूपाची असल्यामुळे तुमच्यासारखी फसगत अनेकांची होते. माझीही झाली होती, आणि मी तर नवीन जात सापडली या आनंदात दोन दिवस काढले होते.

आता मुख्य मुद्दा. उडणारी फुलपाखरे उन्हाळ्यात कमी असतात हे खरे, त्यांचा खरा बहर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत असतो. पण फुलपाखरू म्हणजे फक्त पंख नव्हेत. तुमच्या अंगणात लिंबू आणि कढीपत्ता आहे, म्हणजे लाइम आणि बहुरूपी या दोन जातींची पाळणाघरे तुमच्या दारात आहेत. लिंबाच्या कोवळ्या पालवीवर, एका पानावर एक अशी, मोहरीहून लहान, फिकट पिवळी गोल अंडी शोधा. तीनेक दिवसांत त्यातून अळी बाहेर येते आणि पहिले बरेच दिवस ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवी होते. तिला काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून दुभंगलेले, नारिंगी रंगाचे शिंगासारखे इंद्रिय बाहेर पडते आणि उग्र वास येतो. एकदा पाहावे आणि पुन्हा छळू नये. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो, म्हणजे एका उन्हाळ्यात तुम्ही तो एकाहून अधिक वेळा सलग पाहू शकता. झाडाला पाणी घातले की पालवी फुटते आणि पालवी फुटली की मादी येते, इतका हा साधा हिशेब आहे.

तळ्याच्या वाटेवर रुई असेल तर पानांच्या खालच्या बाजूला प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या पाहा, एरंडावर एरंड्याच्या पाहा आणि बहाव्याच्या कोवळ्या पानांवर तुमच्या त्या 'घाईघाईने जाणाऱ्या' पिवळ्या भटक्यांच्या अळ्या शोधा. भटके थांबत नाही अशी तुमची तक्रार आहे, पण मादी अंडी घालताना पानापानावर क्षणभर टेकते, तेव्हा ते झाडच आपण धरून ठेवावे. प्लेन टायगरबद्दल एक सावधगिरी अशी की रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठत असल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत आणि या दराऱ्याचा फायदा घेण्यासाठी डनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी जवळजवळ तोच वेश घेते. त्यामुळे नारिंगी फुलपाखरू दिसताच नाव लिहून मोकळे होऊ नये. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काही काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला तसे नसतात.

आणखी एक जागा म्हणजे तळ्याचा ओला काठ. सकाळी ऊन चढल्यावर तिथे फुलपाखरे एकमेकांना खेटून बसतात आणि सोंड चिखलात खुपसून पाणी शोषतात. याला आम्ही चिखलपान म्हणतो. ती बहुतेक सगळी नर असतात, कारण फुलांच्या मधात जवळजवळ नसलेले क्षार, विशेषतः सोडियम, त्यांना तिथे मिळतात आणि मीलनाच्या वेळी त्यातला काही भाग ते मादीला देतात. सगळे आटलेले असताना ओल असलेल्या हातभर जागेवर जेवढी फुलपाखरे एकत्र मिळतील तेवढी फुलांवरही मिळणार नाहीत. जवळ जाताना ओणवे व्हा, हळू सरका, आणि मुख्य म्हणजे आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. आवाजापेक्षा सावलीने ती अधिक बिथरतात.

दुर्बीण कोणती आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) ही पक्ष्यांसाठी रुळलेली आहे, परंतु फुलपाखरांसाठी तिच्यातून कमीत कमी किती अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते ते तपासावे. दोन मीटर किंवा त्याहून कमी असेल तर उत्तम, चार-पाच मीटर असेल तर फुलपाखरांसाठी ती खिशातच ठेवावी.

गार_ओटा

फक्त पाण्याविषयी लिहितो. तुमची कुंडी खोल आहे, हेच बहुधा कारण आहे. लहान पक्ष्याला तळ दिसला आणि पाय टेकता आला तरच तो उतरतो. पसरट, खरखरीत मातीचे भांडे घ्या, पाणी काठाशी बोटभर आणि मध्ये फार तर दोन इंच ठेवा. गुळगुळीत स्टीलवर किंवा प्लास्टिकवर पक्ष्यांचे पाय घसरतात. खोल कुंडीच वापरायची असेल तर तिच्यात पाण्याबाहेर डोके काढील असा एक दगड ठेवा, म्हणजे पडलेल्या खारीला आणि मधमाशीलाही बाहेर येता येते.

जागा सावलीची हवी. अगदी झुडपाला टेकून ठेवू नका, कारण दबा धरलेल्या मांजराला ती सोयीची होते, आणि अगदी उघड्यावरही नको, कारण भिजलेल्या पक्ष्याला चटकन जाऊन बसायला फांदी लागते. दोन-तीन मीटरचे अंतर मला योग्य वाटते. पाणी रोज बदला आणि भांडे घासा. उन्हाळ्यात डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांतही होते आणि घाणेरड्या पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोगही पसरतात.

बांधावरून यांच्याशी माझा एक मतभेद आहे. पहाटेची वेळ गाण्यासाठी उत्तम असेल, पण पाण्याशेजारी बसणाऱ्यासाठी दुपारी तीन ते पाच ही वेळ सर्वांत फलदायी आहे. मी खिडकीतून पाहतो आणि वर्षभर झाडांच्या शेंड्यांत दडणारे पक्षी त्या दोन तासांत हाताच्या अंतरावर येतात. त्यांत नाचण नित्याचा असतो, आणि स्वर्गीय नर्तक पाण्यावर झेपावून क्षणभर बुडी मारतो व पुन्हा फांदीवर जातो, हेही मी याच वेळेस पाहिले आहे.

टिपणवही

सर्वांचे मनापासून आभार. कुंडी काढून पसरट परळ ठेवली आणि चौथ्या दिवशी पहिला बुलबुल उतरला. लिंबावर अंडी शोधताना मात्र नवाच पेच उभा राहिला. शेजारच्या घाणेरीत कमरेएवढ्या उंचीवर बुलबुलाचे घरटे आहे आणि त्यात तीन पिल्ले आहेत. छायाचित्रासाठी दोन-तीन पाने बाजूला केली तर चालेल का? आणि पिल्लू खाली पडले तर काय करावे?

बांधावरून

पाने बाजूला करू नका, एकही नाही. ती पाने म्हणजे त्या पिल्लांचे छप्पर आहे. पिल्लांना अजून स्वतःचे तापमान नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे दुपारचे ऊन थेट पडले तर ती थोड्या वेळातही दगावू शकतात. शिवाय आपण वारंवार जिथे वाकून पाहतो तिथे कावळा आणि भारद्वाजही नंतर वाकून पाहतात. घरट्यापासून दूर, एका ठरलेल्या जागी बसा आणि आई-बाप किती वेळाने येतात ते घड्याळ लावून लिहा. छायाचित्रापेक्षा ती नोंद अधिक मोलाची आहे.

पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे, उड्या मारणारे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा पडलेले नसते, घरटे सोडलेले असते. आई-बाप जवळच असतात आणि त्याला खाली भरवतात. मांजराची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि आपण दूर व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. अगदी उघडे, पिसे न आलेले पिल्लू असेल आणि घरटे हाताला येत असेल तर परत आत ठेवावे. घरी नेऊन पाणी किंवा दूध पाजणे मात्र कटाक्षाने टाळावे, त्याने पिल्लू गुदमरते.

मोजणीदार

थोडे वहीविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नातील 'कोरी वही' हा शब्द मला खटकला. जे दिसले नाही तेही लिहायचे असते, फक्त किती वेळ, कुठे आणि कसे पाहिले हे त्यासोबत असले पाहिजे. 'माळ, सकाळी ६:१० ते ७:००, चालत, चंडोल शून्य' ही पूर्ण नोंद आहे. 'आज काही नाही' ही नोंद नव्हे.

फुलपाखरांच्या मोजणीसाठी ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात एक सोपी रीत रुळली आणि तिथे १९७६ पासून तिच्या आधारे देशभर मोजणी चालू आहे. एक कायमची वाट ठरवायची, दर आठवड्याला तिच्यावरून संथ चालायचे आणि दोन्ही बाजूंना अडीच मीटर व समोर पाच मीटर एवढ्या काल्पनिक चौकटीत येणारी फुलपाखरेच मोजायची. चौकटीबाहेरचे कितीही सुंदर असले तरी मोजायचे नाही, आणि खरे सांगायचे तर पाळायला अवघड असा हाच नियम आहे. त्या थंड देशातील नियमांत हवा १३ अंशांपेक्षा गार असेल तर मोजणी करू नये असे म्हटले आहे. आपल्याला उन्हाळ्यात त्याच्या उलट बाजूची मर्यादा घालावी लागते, म्हणून मी दहानंतर मोजणी करत नाही. तुमचे अंगण ते तळे ही वाट फार लांब आहे, तिच्यातला पाचशे मीटरचा तुकडा निवडा.

पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर टाकल्या तर त्या वाया जात नाहीत. २००२ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर यादी देताना 'ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले' असे सांगण्याची सोय आहे, आणि अशा यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. आवाजावरून पक्षी ओळखणारे मर्लिन हे अ‍ॅप पहाटे मदतीला घ्यावे, पण त्याने दाखवलेले नाव सूचना समजावे. दयाळ इतर पक्ष्यांच्या नकला करतो, तेव्हा अ‍ॅप आणि माणूस दोघेही सारखेच फसतात. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा आवाजाची पक्की खात्री झाल्याशिवाय मी ते नाव यादीत चढवत नाही.

टिपणवही

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. आता पावणेसहाला अंगणात बसतो, सातला माळाच्या अलीकडचा पाचशे मीटरचा तुकडा चालतो आणि साडेआठला तळ्याच्या ओल्या काठावर असतो. जातींची संख्या हिवाळ्याएवढी झालेली नाही, एका सकाळी जास्तीत जास्त एकोणीस झाली. डोंबारी चंडोल पाहिला. टिटवी पोट भिजवताना दोनदा पाहिली, परंतु ती कुठे उतरली ते दोन्ही वेळा निसटले. चिखलपान करणारी एकवीस फुलपाखरे मोजली, त्यांतील नऊ ओळखता आली. शेवग्यावर छिद्र अजून नाही, तांबट मात्र रोज येऊन ठोकून पाहतो. बुलबुलाची तिन्ही पिल्ले मंगळवारी घरट्याबाहेर पडली.

लिंबावर सोमवारी विष्ठेसारख्या दिसणाऱ्या सात अळ्या होत्या. बुधवारी पाच राहिल्या आणि शुक्रवारी दोन. मुंग्या असाव्यात असे वाटून शनिवारी सकाळी खुर्ची टाकून बसलो. सव्वासहाच्या सुमारास एक शिंपी पक्षी लिंबात शिरला, पालवी उलटसुलट करून पाहत एक अळी उचलली, फांदीवर दोनदा आपटली आणि ती न खाता कुंपणापलीकडच्या झुडपात घेऊन गेला. त्या झुडपात दोन पाने शिवलेली आहेत, हे मला आठ दिवसांपूर्वीच दिसायला हवे होते. पंचवीस मिनिटांत तो चार वेळा आला, त्यांतील एकदाच लिंबावर.

उरलेल्या एका अळीवर जाळी घालावी असे क्षणभर मनात आले, पण घातली नाही. ही नोंद वहीच्या पक्ष्यांच्या भागात करावी की फुलपाखरांच्या, हे ठरेना, म्हणून दोन्हीकडे लिहून ठेवली आहे.

पंखांची_भुकटी

जाळी घातली नाहीत हे योग्यच केले. ती शेवटची अळी हिरवी झाली तर तारीख कळवा, आणि कोश झाडाच्या दांडीवरच शोधू नका. कोशात जाण्याआधी अळी बऱ्याचदा भटकते, त्यामुळे कुंपणाची लाकडेही पाहा.